चळवळीतला माणूस आमदार झाला तर खरंच काही करू शकतो का? आमदाराच्या फायली सांभाळलेल्या माणसाचं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तू खानापूर तालुक्यातला, वय तिशीच्या आत, पाच-सहा वर्षं झाडतोड, नाल्यात सोडलेलं घाण पाणी, म्हादई (आपल्या घाटातून गोव्यात जाणाऱ्या ह्या नदीचं पाणी वळवायचा प्रकल्प) असल्या विषयांवर निवेदनं, आरटीआय, मोर्चे करतोयस, आणि आता मित्र म्हणायलेत की बस झाली निवेदनं, पुढच्या विधानसभेला उभा राहा. तू विचारलंयस की पर्यावरणवाला माणूस आमदार होऊन काही करू शकतो का, की खुर्चीवर बसला की बाकीच्यांसारखाच होतो, आणि करिअर म्हणून हे कसं असतं.

मी मूळचा चळवळीतलाच. आमच्याकडं नाल्याचं आंदोलन होतं तेव्हा निवेदन टाइप करणं, झेरॉक्स काढणं, डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) टपालात पोच घेणं ही माझी कामं, भाषण मी आजपर्यंत केलेलं नाही. आमचे पुढारी हायस्कूलला मास्तर होते म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे, ते एका निवडणुकीत कुणाच्या ध्यानीमनी नसताना निवडून आले आणि मी त्यांचा पीए झालो. पाच वर्षांनी ते पडले. नंतर आलेल्या आमदारांनी, पक्ष वेगळा असूनही, मलाच ठेवून घेतलं कारण कुठली फाईल कुठं आहे ते मलाच माहीत होतं, असं करत बावीस वर्षं गेली. मतदारसंघाचं नाव, पक्षाचं नाव सांगत नाही, सीमाभागात एवढ्यावरून पण लोक ओळखतात आणि मग उत्तर बाजूला राहतं.

आधी काय होत नाही ते सांगतो. कर्नाटकात २२४ आमदार, त्यातले १८ आपल्या बेळगाव जिल्ह्याचे. तू त्यातला एक. जंगल हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्याच्या यादीतून काढून समवर्ती यादीत टाकला, आणि १९८० च्या वन कायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची म्हटलं की फाईल दिल्लीला जाते, म्हणजे ह्यातलं बरंच काही बेंगळूरच्या पण हातात नाही, तुझ्या तर सोडच. आमदार झालो की कायदा आणतो असं म्हणणारे मी लई बघितलेत. खासगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्याचं, विधेयक मांडता येतं, त्यावर बातमी येते, संपलं. संसदेत असलं खासगी विधेयक पास होऊन शेवटचा कायदा झाला तो १९७० मध्ये, ह्यावरून तूच काय ते समज. आणि पक्षाच्या तिकिटावर निवडून आलास की १९८५ पासूनचा पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप, म्हणजे मत कुठं द्यायचं त्याचा पक्षाचा आदेश, निघाला की हात वर करायलाच लागतो, मग ते विधेयक तुझ्या गावाच्या डोंगराविरुद्ध असलं तरी. अपक्ष असशील तर व्हिप नाही पण बोलायला वेळ पक्षांच्या संख्येवर वाटतात, तुझा नंबर येईपर्यंत निम्मं सभागृह चहाला गेलेलं असतं.

पण प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही. मत पक्षाचं असतं, प्रश्न तुझा असतो. सरांच्या पाच वर्षांत जे काही झालं त्यातलं बरंचसं ह्या एका गोष्टीतून झालं म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

सर निवडून आल्यावर पहिल्याच अधिवेशनात त्यांनी तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकला, कन्नडमध्ये त्याला चुक्के गुरुतिन प्रश्ने म्हणतात. प्रश्न असा की आमच्या मतदारसंघातल्या एका साखर कारखान्याचं पाणी नाल्यात सोडलं जातंय हे सरकारच्या निदर्शनास आलं आहे काय, आलं असल्यास काय कारवाई केली. आम्हाला वाटलं आता मंत्री अडकणार. उत्तर आलं दीड ओळीचं, असं काही निदर्शनास आलेलं नाही, तक्रार आल्यास 'नियमानुसार क्रम वहिसलागुवुदु', म्हणजे कारवाई केली जाईल. सर चिडले, सभागृहात पाच मिनिटं तावातावानं बोलले, दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो आला, गावात फटाके वाजले आणि नाल्याचं पाणी होतं तसंच काळं राहिलं.

त्या रात्री आमदार निवासातल्या खोलीत एका दुसऱ्या तालुक्याच्या म्हाताऱ्या आमदाराचा पीए आला होता, त्यानं आमचा प्रश्न वाचला आणि हसला. म्हणाला, 'हे भाषण आहे, प्रश्न नव्हे. काय मागितलंस की खात्याला कागद काढूनच द्यावा लागेल, ते माग.' मग पुढच्या अधिवेशनाला आम्ही परत विचारलं, ह्यावेळी असं: गेल्या तीन वर्षांत ह्या नाल्यातून पाण्याचे नमुने किती वेळा घेतले, कुठल्या तारखेला, कुठल्या जागेवर, प्रत्येक नमुन्याचा बीओडी किती आला, आणि त्या तारखेला कारखान्यात गाळप चालू होतं काय. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा आकडा, कारखान्याचं पाणी नदीनाल्यात सोडायचं असेल तर लिटरला ३० मिलीग्रॅमच्या आत आणि शेतात सोडायचं असेल तर १०० च्या आत पाहिजे. उत्तराला ह्यावेळी अनुबंध जोडून आला, दोन पानांचा तक्ता. सगळे आकडे ३० च्या आत. सर निराश झाले. मी तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली आलो आणि एकदम लक्षात आलं की एकही तारीख डिसेंबर-जानेवारीची नाही, सगळ्या जून ते सप्टेंबरमधल्या. गळीत हंगाम आपल्याकडं दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. म्हणजे कारखाना बंद, वरून धो धो पाऊस, नाल्याला लोंढा, आणि तेव्हा बाटली भरायची. असल्या पाण्यात बीओडी कुठून सापडणार? आणि शेवटच्या रकान्यात, गाळप चालू होतं काय, तिथं सरळ 'इल्ल', म्हणजे नाही, लिहिलेलं, त्यांनी स्वतःच.

सभागृहात सरांनी उपप्रश्न एकच विचारला, आरडाओरडा न करता. जनावर मेल्यावर त्याचा ताप मोजतात काय. लोक हसले, मंत्रीपण हसले, आणि हसत हसत म्हणाले की ठीक आहे, पुढच्या हंगामात गाळप चालू असताना नमुने घ्यायला सांगतो. एवढं एकच वाक्य. ह्या वाक्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

इथं भाषेचा विषय काढतो आणि ह्यावरून कुणी भांडायला येऊ नये. मी सीमाचळवळीत वाढलेला आहे, काळा दिन आमच्या घरात कधी चुकला नाही, मराठीत बोलायचा, मराठीत कागद मागायचा हक्क आपला आहे आणि तो सोडू नये. पण कन्नड वाचता आलंच पाहिजे. दुसऱ्यानं करून दिलेल्या भाषांतरावर आमदारकी चालत नाही. 'क्रम वहिसलागिदे' म्हणजे कारवाई केली आहे आणि 'क्रम वहिसलागुवुदु' म्हणजे कारवाई केली जाईल, ह्या दोन शब्दांच्या मध्ये एक अख्खा गळीत हंगाम बसतो. सर रोज रात्री माझ्या मुलीच्या चौथीच्या कन्नड पुस्तकातून वाचायचे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

प्रश्नाशिवाय दुसरी हत्यारं आहेत, लक्षवेधी आहे, कर्नाटकात ती नियम ७३ खाली देतात, मोठं काही घडलं तर नियम ६० खाली स्थगन प्रस्ताव द्यायचा आणि विधानसभाध्यक्ष तो बहुतेक वेळा ६९ खाली चर्चेला घेतात, हे सगळं तू आत गेल्यावर आठवड्यात शिकशील. त्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेव जी चळवळीतल्या कुणालाच माहीत नसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रत्येक राज्यात वन्यजीव मंडळ असतं, मुख्यमंत्री अध्यक्ष, आणि त्यावर विधिमंडळाचे तीन सदस्य असतात. अभयारण्यातून रस्ता, लाइन, पाइप काहीही न्यायचं असलं तर फाईल आधी ह्या मंडळापुढं येते आणि मग दिल्लीच्या मंडळाकडं जाते. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, तुझ्या दारातलं आहे. मंत्रिपदासाठी सगळे पळतात, ह्या तीन जागांसाठी कोण पळतंय?

आता तालुक्यातलं. खरी आमदारकी बेळगावच्या सुवर्ण सौधमध्ये, विधानसभेच्या इमारतीत नसते, ती तालुका पंचायतीच्या हॉलमध्ये असते जिथं पंखा आवाज करत असतो आणि बशीत मारी बिस्किटं असतात. केडीपी मीटिंग, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या खात्यांच्या कामांचा आढावा. आमदार अध्यक्ष, समोर सगळी खाती, पीडब्ल्यूडी, आरएफओ (वन परिक्षेत्र अधिकारी), मायनर इरिगेशन, हेस्कॉम (वीज कंपनी), पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी). पर्यावरणवाले आमदार ह्या मीटिंगला कंटाळतात आणि बाहेर झाडं लावायच्या कार्यक्रमाला जातात, ही सगळ्यात मोठी चूक. रस्ता रुंद करायचं एस्टिमेट जेव्हा अजून पेन्सिलीत असतं तेव्हा ते ह्या हॉलमध्ये असतं. आमच्या एका रस्त्याला एका बाजूला जुन्या चिंचा आणि वड होते, दुसऱ्या बाजूला पीडब्ल्यूडीचीच मोकळी जागा, आणि एस्टिमेट दोन्ही बाजूनं सारखं, कारण इंजिनिअरला मध्यरेषा धरून काढायला सोपं. सरांनी तिथंच नकाशा मागवला, एका बाजूनंच रुंद करा म्हणाले, इंजिनिअर पण बरं म्हणाला, संपलं. झाडं आजही आहेत. तेच टेंडर निघाल्यावर आंदोलन केलं असतं तर दोन वर्षं कोर्ट, आणि झाडं बहुतेक गेलीच असती. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, हे तुला माहीत असेलच, पण नोटीस निघते तेव्हा मनं आधीच ठरलेली असतात.

आणि आता बगर हुकूम. हे नीट वाच कारण तुझी परीक्षा विधानसभेत नाही, इथं होणार.

सरकारी जमीन कसत आलेल्यांची जमीन त्यांच्या नावावर करायची कमिटी तालुक्यात असते, आमदार तिचा अध्यक्ष. फॉर्म ५०, ५३, ५७, हे आकडे आपल्याकडं लहान पोरांना पण माहीत आहेत. चळवळीत असताना आपण म्हणतो गायरान वाचवा, जंगलाची कड वाचवा. कमिटीत बसलास की त्या गायरानाला नाव असतं, चेहरा असतो. आमच्या नाल्याच्या मोर्चात ज्यानं लाठी खाल्ली, डोक्याला टाके पडले, तोच माणूस फॉर्म ५३ घेऊन आला, दोन एकर, बापाच्या वेळेपासून नाचणा-भात करतोय म्हणाला. पहाणीला (आपला सातबारा) गायरान दिसत होतं पण वन खात्याच्या नकाशात तोच सर्व्हे नंबर जंगलात. सर म्हणाले की आधी वन आणि महसूल दोघांचा जॉइंट सर्व्हे होऊ दे. तो म्हणाला, 'सर, तुमच्यासाठी डोकं फोडून घेतलं.' सर काही बोलले नाहीत. जॉइंट सर्व्हेला वर्षाच्या वर गेलं, जमीन जंगलातच निघाली, वनहक्क कायद्यातून बघितलं तर तिथं १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा आणि आदिवासी नसेल तर तीन पिढ्या, ७५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तो कुठून आणणार, त्याच्या आजोबांचा जन्मदाखला पण नव्हता. सरांनी सही केली नाही. पुढच्या निवडणुकीत ती अख्खी गल्ली उलटली. सरांनी बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं पण त्या माणसाच्या दारावरून जाताना मी अजूनही गाडी हळू करत नाही.

तुझ्या तालुक्यात तर हे ह्याहून अवघड आहे. भीमगडच्या आतली गावं बघ, गवाळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी, आमगाव. पावसाळ्यात रस्ता नाही, लाइट गेली की आठवडा, माणूस आजारी पडला की खाटेला बांबू बांधून चिखलातून आणायचं. मी एकदा असल्या गावात एका आमदाराबरोबर गेलो होतो, एका म्हातारीनं विचारलं की तुम्ही वाघासाठी आलाय की आमच्यासाठी. आमदार म्हणाले दोघांसाठी. ती म्हणाली, 'मग वाघाला आधी भेटून या, त्याचं काम झालेलं दिसतंय.' आता तू रस्त्याला विरोध करणारा म्हणून ओळखला जातोस. मत मागायला त्या गावात कुठल्या तोंडानं जाणार? स्थलांतर स्वेच्छेचं म्हणतात पण रस्ता दिला नाही, शाळा दिली नाही आणि मग स्वेच्छा विचारली तर ती कसली स्वेच्छा, हे तुलाच विधानसभेत उभं राहून विचारायला लागेल, आणि तुझ्याच चळवळीतले निम्मे लोक तुझ्यावर चिडतील.

म्हादईचं तर विचारूच नको. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ टीएमसी मलप्रभेत वळवायला. फेब्रुवारी २०२० ला त्याची अधिसूचना निघाली, डिसेंबर २०२२ ला केंद्रीय जल आयोगानं सुधारित आराखडा मंजूर केला. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी ह्या पाण्यासाठी २०१५ पासून वर्षानुवर्षं धरणं धरलंय, त्यांची तहान खोटी नाही. जंगल मात्र खानापूरचं जाणार. कर्नाटकातला कुठल्याही पक्षाचा आमदार सभागृहात उभा राहून प्रकल्प नको म्हणू शकत नाही, म्हटलास तर तू मराठी आहेस, गोव्याचा माणूस आहेस, असं दोन मिनिटात होईल आणि मूळ मुद्दा गेला वाऱ्यावर. मी सल्ला देताना म्हणायचो की नको म्हणू नका, किती ते विचारा. किती झाडं, कुठल्या सर्व्हे नंबरातली, पाइप कुठल्या बाजूनं, उन्हाळ्यात कणकुंबीच्या खाली मलप्रभेच्या पात्रात पाणी किती राहणार, खानापूरच्या गावांना त्यातलं किती. ह्याला कुणी देशद्रोही म्हणू शकत नाही. तुला हे मिळमिळीत वाटेल. सरांनाही वाटायचं.

पश्चिम घाटावरच्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालाचा विषय पण असाच. जुलै २०२४ ला पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह एरियाचा सहावा मसुदा निघाला, कर्नाटकाचं २०,६६८ चौरस किलोमीटर त्यात आहे, सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं नको म्हणून सांगितलं. गावात लोक म्हणतात घराला खिळा मारता येणार नाही. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगड-वाळू उपसा, थर्मल वीज प्रकल्प, लाल यादीतले (जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं ह्यावर. शेती बंद होत नाही, जमिनीची मालकी जात नाही. पण हे मराठीत, ग्रामसभेत, देवळाच्या कट्ट्यावर बसून समजावून सांगितलंय कुणी? हे करायला आमदारकी लागत नाही रे, हे तू उद्या करू शकतोस.

तू म्हणशील उदाहरण दे कुणाचं तरी. आपल्या घाटाखालीच आहे. गोव्यातले माथानी साल्ढाणा, शिक्षक, सत्तरच्या दशकात रापणकारांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचं) आंदोलन उभं केलं ट्रॉलरविरुद्ध, खताच्या कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्ध लढले, नंतर कुठ्ठाळीतून आमदार झाले, मंत्री झाले, मार्च २०१२ मध्ये पुन्हा मंत्री होऊन थोड्याच दिवसांत गेले. त्यांच्या पत्नी एलिना साल्ढाणा पोटनिवडणुकीत बिनविरोध आल्या आणि वन-पर्यावरण खातं त्यांच्याकडं आलं. पण बघ, ट्रॉलरना किनाऱ्यालगत मज्जाव करणारा गोव्याचा मासेमारी कायदा १९८० चा, म्हणजे साल्ढाणा आमदार व्हायच्या कितीतरी आधीचा, रस्त्यावर असताना मिळवलेला. दुसरीकडं शिवराम कारंत, ज्ञानपीठ मिळालेला माणूस, १९८९ मध्ये कारवारकडून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, कैगा अणुप्रकल्पाला विरोध म्हणून, आणि पडले. धारवाडचे एस. आर. हिरेमठ तर आमदार झालेच नाहीत, बळ्ळारीच्या खाणींवर सुप्रीम कोर्टात गेले आणि २०११ ला तिथलं खाणकाम कोर्टानं बंद केलं, एवढं काम २२४ आमदारांनी मिळून केलं नव्हतं. आणि झाडं-पाणलोट म्हणशील तर कट्टणभावीला जाऊन शिवाजीराव कागणीकरांचं काम बघून ये, एका खादीच्या पिशवीवर उभं केलेलं. तेव्हा आमदारकी हा एकच रस्ता आहे हे डोक्यातून काढ, पण रस्ता नाही असंही नाही.

पैशाचं थोडं सांगतो, थोडंच, कारण सगळं सांगितलं तर तू झोपणार नाहीस. विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख, डिपॉझिट १०,०००, सहाव्या हिश्शाइतकी मतं नाही मिळाली तर तेपण जातं. खरा खर्च किती ते मी लिहिणार नाही. आमदाराचा मूळ पगार २०२५ मध्ये ४०,००० वरून ८०,००० झाला, भत्ते वेगळे, पण तो पगार लग्नसराईतच संपतो. मे महिन्यात दिवसाला आठ-आठ लग्नं, जत्रा, कळसारोहण, कबड्डी, गाडा शर्यत, गणपती मंडळाची पावती, आणि गणपतीत पीओपीच्या मूर्तीवर बोललास की मूर्तिकार पण गेले आणि मंडळ पण. स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी, त्यात समुदाय भवन मागणारेच जास्त, तळ्याचा गाळ काढा म्हणणारा बावीस वर्षांत मला एकच भेटला, तो पण गाळ स्वतःच्या शेतात टाकायला मागत होता. (दिला. काय वाईट आहे त्यात?)

पूर्वी शिडी होती, ग्रामपंचायत, मग तालुका, मग जिल्हा पंचायत, मग आमदारकी. २०२१ ला जिल्हा-तालुका पंचायतींची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणुकाच नाहीत, मधल्या पायऱ्याच गायब. त्यामुळं तुझ्यासारखी पोरं एकदम आमदारकीच्या गोष्टी करतात. मला विचारशील तर ग्रामपंचायतीला उभा राहा. ग्रामसभेचा ठराव नीट लिहायला शीक, जैवविविधता समितीची नोंदवही तुझ्या पंचायतीत आहे का बघ, असली तर कपाटात धूळ खात असेल, ती काढून खरी भर. तालुक्याच्या केडीपीचा अहवाल आरटीआयनं मागवून दर महिन्याला वाच. आणि एक, आपल्याला पुण्याचं हरित न्यायाधिकरण जवळ असलं तरी कर्नाटकाच्या केसेस चेन्नईला जातात, ते गाडीभाडं धरूनच कोर्टाच्या गोष्टी कर.

आता त्या मंत्र्याच्या वाक्याचं. मंत्री सभागृहात 'करतो' म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि सरकारी आश्वासनांची एक समिती असते ती खात्याला विचारत राहते, काय झालं, काय झालं. तिकडं कुणी फारसं बघत नाही. मी दर दोन महिन्यांनी त्या समितीच्या सेक्शनला पत्र टाकायचो, तेच पत्र, फक्त तारीख बदलून. दोन हंगाम असेच गेले. सरांच्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत, सकाळी साडेसातला फोन आला की तपासणीवाले नाल्यावर येतायत. सर माझ्या स्कूटरवर मागं बसून आले कारण ड्रायव्हर अजून आला नव्हता. चिमणीतून धूर येत होता, मळीचा वास, पाणी चहासारखं. तपासणीवाल्यांच्या पोरानं बाटली भरली, झाकण लावलं, लेबल चिकटवलं. बीओडी किती आला ते कळेपर्यंत मे उजाडला, सर पडले होते, आणि आकडा ३० च्या जवळपास पण नव्हता. नोटीस नंतरच्या आमदाराच्या काळात निघाली, सत्कारही त्यांचाच झाला. पण त्या सकाळी सरांनी ती बाटली हातात घेऊन लेबलावरची तारीख वाचली, चष्मा पुसला आणि परत एकदा वाचली.